वर कोण येतं

हानाऊ. रात्रीचे अडीच.
किंत्सिग नदीजवळच्या एका तळघरात
गुद्रुन शोल्त्स श्वास जपून घेते,
कारण वरच्या मजल्यावर दार आपटलं
तरी इथे चित्र हलतं.

पडद्यावर एक कण.
सोनं अर्धं, पॅलेडियम अर्धं,
तोलून, विरघळवून, मोजून घातलेलं.
अवघे तीनेक हजार अणू,
लहानशा गावाएवढे,
आणि त्यातला पाव हिस्सा तरी वेशीवर,
जिथे शेजारी कमी.

पाककृती म्हणते अर्धं-अर्धं.
कण पाककृती वाचत नाही.
निर्वात पोकळीत ऊब दिली
की सोनं हळूहळू बाहेर सरकतं;
उघड्यावर राहणं त्याला स्वस्त पडतं.
पॅलेडियमला माणसं लागतात,
ते आत, दाटीत, खांद्याला खांदा लावून.
पोटात एक, ओठात एक
असं म्हणावं, तर कणाला ओठ कुठले?
नुसता हिशेब,
तुटलेला बंध कुणाला किती महाग पडतो त्याचा.

तिचे वडील हे हातांनी करायचे.
कमी कसाची अंगठी भट्टीत धरायची,
आम्लात बुडवायची, पुन्हा धरायची.
वरचं तांबं काळं पडून धुऊन जाई
आणि पिवळं तेवढं उरे.
"मुलामा नाही हा," एरविन म्हणत,
गिऱ्हाइकाला नव्हे, तिला,
"सोनं तिचंच आहे. मी फक्त पुढे बोलावलं."
संध्याकाळी हात वेगळ्या हौदात धूत;
वर्षाअखेरी त्या गाळातून
तिच्या शाळेच्या सहलीचे पैसे निघत.

आता ती झडप उघडते,
केसभर.
कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही.
बराच वेळ काही होत नाही.
कॉफी निवते.
मग कोपऱ्यावरचा एक उजळ ठिपका मंदावतो.
मग त्याच्या शेजारचा.
(सोनं उजळ दिसतं, पॅलेडियम मंद;
हे तिला झोपेतही कळतं.)
आतलं कुणीतरी वर आलंय
हाक ऐकून,
आणि सोन्याने मुकाट जागा दिलीय.
एक अणू वाढला नाही. एक गेला नाही.

गेल्या रविवारी वृद्धाश्रमात
एरविन तिला "बाईसाहेब" म्हणाले,
दुकानातल्या स्वच्छ जर्मनमध्ये,
आणि पुन्हा भिंतीकडे वळले.
मग नवी परिचारिका आली, झ्देंका, लिबेरेत्सची.
उशी सारखी करताना
स्वतःशीच चेकमध्ये काही पुटपुटली,
आणि एरविननी उत्तर दिलं.
चेकमध्ये.
एकदा नाही, लांबलचक,
तक्रार करणाऱ्या पोराच्या सुरात.
"काय म्हणतायत?"
"खिडकी लाव म्हणतात. बदकं आत येतील."

बावन्न वर्षं ती या माणसाची मुलगी आहे
आणि ही भाषा त्याच्यात होती
हे तिला ठाऊक नव्हतं.
सेहेचाळीस साली, आठ वर्षांचा,
यब्लोनेत्सहून गाडीत बसवताना
कुणीतरी बजावलं असेल, हे आता आत ठेव.
कदाचित कुणी बजावलंही नसेल.
डब्यात कोण आहे ते पाहून
पोरं आपणच शिकतात.

सकाळी डॉक्टर रूप्रेश्टना तक्ता हवा आहे.
'पृष्ठभागावर कोण' या रकान्यात ती लिहिते:
दारात कोण उभं आहे, त्यावर.
खोडते. आकडे भरते,
तापमान, दाब, टक्के.
वायू उपसून टाकते आणि थांबते,
सोनं परत वर येतं का ते पाहत.
कधी येतं. कधी अर्ध्यातच राहतं.

खिशातल्या चिठ्ठीवर झ्देंकाच्या अक्षरात
बदकांसाठीचा शब्द आहे.
येत्या रविवारी म्हणायचाय तिला,
पण 'ख' घशातून काढावा लागतो, जमत नाही.
काख्नी, ती पडद्याला म्हणते.
काख्नी.
चित्र किंचित हलतं.